डायलिसिसच्या पेशंटला दम आणि थुंकीत रक्त: फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाह कसा ओळखायचा

डायलिसिसवरच्या पेशंटला दम लागला की युनिटमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, ओव्हरलोड, म्हणजे अंगात जादा पाणी. बहुतेक वेळा तो खराही असतो. आठवड्याला डायलिसिसच्या तीन पाळ्या ठरलेल्या असताना दोनच होतात, कापूस वेचणीत किंवा लग्नसराईत एखादी बुडते, मे महिन्यात जालना-परभणीच्या उन्हात घोटभर पाण्यावर भागत नाही, आणि ते सगळं पाणी छातीत चढतं. अडचण अशी की फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांना दाह होऊन वायुकोशांत रक्त झिरपत असेल, तरी सुरुवातीचं चित्र हुबेहूब असंच असतं: दम, रक्तातल्या ऑक्सिजनचं कमी सॅच्युरेशन, एक्स-रेवर दोन्हीकडे पांढऱ्या सावल्या. त्याला पाणी समजून हिपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावून दोन पाळ्या जादा दिल्या तर रक्तस्राव वाढतो. उलट, क्षयाला किंवा कॅथेटरच्या (डायलिसिससाठी शिरेत घातलेल्या नळीच्या) इन्फेक्शनला दाह समजून स्टेरॉइडचा मोठा डोस दिला तर पेशंट त्याने जातो.

जिल्ह्याच्या-तालुक्याच्या डायलिसिस युनिटमध्ये नव्याने रुजू झालेले मेडिकल ऑफिसर, रेसिडेंट, टेक्निशियन आणि नर्स यांच्यासाठी हा लेख आहे. अंतिम निदान आणि उपचार किडनीतज्ज्ञ आणि छातीविकारतज्ज्ञच ठरवतील. पण ते ठरवण्यासाठी लागणारा निम्मा पुरावा पहिल्या चोवीस तासांत तुमच्याच हातून गोळा होतो किंवा वाया जातो.

आपण शोधतोय काय

फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांच्या भिंतीला दाह होतो, भिंत फाटते आणि रक्त वायुकोशांत उतरतं. डायलिसिसच्या पेशंटमध्ये यामागे मुख्यतः तीन आजार असतात. पहिला अँका व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे अँका नावाच्या, स्वतःच्याच पांढऱ्या पेशींवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांमुळे होणारा रक्तवाहिन्यांचा दाह. त्याच्या जीपीए या प्रकारात बहुधा पीआर३ आणि एमपीए या प्रकारात बहुधा एमपीओ हे अँका प्रतिपिंड सापडतात. दुसरा अँटी-जीबीएम आजार, जो किडनी आणि फुफ्फुस दोन्हींच्या पडद्यावर हल्ला करतो. तिसरा ल्युपस, ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अनेक अवयवांवर उलटते. तिन्ही किडनीही खातात, म्हणून असे पेशंट डायलिसिसला येतातच.

इतर पेशंटमध्ये हे निदान किडनीवरून सोपं होतं: लघवीत लाल पेशी आणि त्यांचे साचे, रक्तात चढतं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा). डायलिसिसच्या पेशंटमध्ये क्रिएटिनिनला अर्थ उरलेला नसतो आणि लघवी बहुतेकदा बंद असते. दाह-संसर्ग दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांपैकी ईएसआर एरवीही वाढलेलाच असतो, सीआरपी थोडा वर असतो, प्रोकॅल्सिटोनिनही संसर्गाशिवाय वाढलेलं दिसू शकतं. हिमोग्लोबिन आधीच कमी. म्हणजे पुस्तकातल्या खुणांपैकी निम्म्या बाद. म्हणून इथे एका रिपोर्टवर विसंबता येत नाही, क्रमाने जावं लागतं: आधी पाणी काढून पाहायचं, त्याच वेळी इन्फेक्शनचे नमुने घ्यायचे, आणि मग जे उरतं त्याकडे दाह म्हणून पाहायचं. या क्रमाला अपवाद एकच, हिमोग्लोबिन किंवा सॅच्युरेशन झपाट्याने पडत असेल किंवा बेडक्यात भराभर रक्त येत असेल तर तिन्ही कामं एकदम करायची.

पायरी १: आधी फाईल, मग पेशंट

दोन प्रकारचे पेशंट असतात आणि दोघांचा हिशेब वेगळा.

एक, ज्याची डायलिसिस गेल्या काही आठवड्यांत सुरू झाली आहे. त्याची किडनी किती दिवसांत गेली, हा पहिला प्रश्न. वर्षानुवर्षं साखर, वाढलेला बीपी, हळूहळू चढलेलं क्रिएटिनिन ही एक गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन ठीक होतं आणि आता थेट मशीनवर, ही अगदी दुसरी. सोनोग्राफीत किडन्यांची लांबी पाहा. आक्रसून ८ सेंमीच्या खाली गेलेल्या किडन्या जुन्या आजाराच्या. ९ ते ११ सेंमीच्या, जवळपास नेहमीच्या आकाराच्या किडन्या आणि आठवड्यांत गेलेलं काम असं दिसलं, आणि त्यात थुंकीत रक्त असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हा दाहच समजा. अशा पेशंटची किडनी बायोप्सी अजून उपयोगी पडते, आणि कधीकधी किडनी परतही येते. त्यामुळे वेळ घालवणं इथे सर्वात महागात पडतं.

दोन, जो वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ मशीनवर आहे. त्याच्या फाईलवर मूळ आजाराच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच फाईलींवर 'सीकेडी' एवढंच असतं, जो आजार नव्हे, परिणाम आहे. बायोप्सी झाली होती का, कधी सलाईनमधून स्टेरॉइड किंवा सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मिळालं होतं का, अँका कधी पाठवला होता का, हे घरच्यांना विचारा आणि जुनी पिशवी मागवा. एक्स-रेची पिशवी घरी माळ्यावर असतेच. अँकाचा जुना पेशंट असेल तर लक्षात ठेवा: किडनी पूर्ण गेल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, इन्फेक्शनचं मात्र वाढतं. म्हणजे जुन्या अँकाच्या पेशंटला खोकला आला तरी पहिला संशय इन्फेक्शनवरच.

औषधांच्या पट्ट्या प्रत्यक्ष हातात घेऊन पाहा. बीपीसाठी हायड्रॅलाझिन चालू आहे का? हे औषध डायलिसिसच्या पेशंटला अनेकदा दिलं जातं आणि त्यानेच अँका व्हॅस्क्युलायटिस होऊ शकतो, बहुधा एमपीओ बराच वर आणि सोबत एएनए (ल्युपसमध्येही सापडणारं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह. थायरॉइडसाठी प्रोपिलथायोयुरॅसिलचंही तेच. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांची वेगळी नोंद करा.

कामधंदा विचारा. क्रशर, फरशी कापणं, दगड घासणं अशा सिलिकाच्या धुळीतल्या कामाचा अँका व्हॅस्क्युलायटिसशी संबंध आहे. त्याच धुळीमुळे क्षयाचा धोकाही वाढतो, म्हणून या उत्तराने संशय दोन्ही बाजूंना सारखाच सरकतो. बिडी-सिगारेट विचारा: अँटी-जीबीएममध्ये फुफ्फुसातून रक्त जाणं धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसतं.

पायरी २: काय विचारायचं, कुठे पाहायचं

'थुंकीतून रक्त पडतं का' एवढं विचारून थांबू नका. सुमारे एक तृतीयांश पेशंटमध्ये वायुकोशांत रक्त भरलेलं असतानाही बेडक्यात रक्त दिसत नाही. आणि दिसलं तर ते नाकातून घशात उतरलेलं आहे, हिरड्यांचं आहे, उलटीतलं आहे की खोकल्यातलं, हे वेगळं करावं लागतं. खुणा असलेल्या पारदर्शक डबीत चोवीस तासांचा बेडका गोळा करायला सांगा. 'थोडं', 'लई' या शब्दांवर कुठलाही निर्णय होत नाही. तंबाखू-पान खाणाऱ्याची लाल थुंकी पाहून घाबरण्याआधी चूळ भरायला लावा.

मग डोक्यापासून पायापर्यंत. नाकात रक्ताळलेल्या खपल्या, महिनोन्‌महिने सर्दी, नाकाचा कणा बसलेला, एका कानाने अचानक कमी ऐकू येणं, डोळा लाल आणि आतून दुखणारा, आवाज बसून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज: यातलं काहीही जीपीएकडे बोट दाखवतं. पायांवर हाताला उंचवटा लागणारे जांभळे ठिपके हा मोठा पुरावा. पण सपाट ठिपके युरेमियामुळे (रक्तात साचलेल्या कचऱ्यामुळे) प्लेटलेट नीट काम करत नाहीत म्हणून आणि हिपॅरिनमुळेही येतात. मांड्या-पोटावरची अतिशय दुखणारी, काळी पडत जाणारी कातडी ही कॅल्सिफायलॅक्सिस, म्हणजे बारीक वाहिन्यांत कॅल्शियम साचून कातडी मरणं, असू शकते. त्याला व्हॅस्क्युलायटिस समजून स्टेरॉइड देऊ नका. एकाच पायाचा पंजा अचानक लुळा पडला तर मज्जातंतूला रक्त देणाऱ्या वाहिनीचा दाह आठवा. साखरेचा किंवा युरेमियाचा बधिरपणा दोन्ही पायांत सारखा आणि सावकाश येतो.

लघवी अजून थोडी होत असेल तर ती सोन्यासारखी आहे. १०० मिली का असेना, ताजी घ्या, तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा.

पायरी ३: हिमोग्लोबिन नीट वाचा

चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत हिमोग्लोबिन १.५ ते २ ग्रॅमने पडलं आणि दुसरीकडे कुठे रक्त जाताना दिसत नसेल, तर ते फुफ्फुसात गेलं असण्याचा दाट संशय घ्या. ही तुलना करताना डायलिसिसचा घोळ आडवा येतो. मशीनवर घेण्यापूर्वी अंगात पाणी जास्त असतं, रक्त पातळ झालेलं असतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. डायलिसिसनंतर तेच वर जातं. गेल्या वेळचं डायलिसिसनंतरचं आणि या वेळचं डायलिसिसआधीचं अशी तुलना केली तर नसलेला रक्तस्राव दिसतो. आधीचं आधीच्याशीच जुळवा, आणि दोन्ही वेळचं वजन शेजारी लिहा.

गेल्या पाळीत डायलायझर क्लॉट झाला होता का, हे टेक्निशियनच्या वहीत पाहा. डायलायझर आणि लाइन मिळून दीडशे ते अडीचशे मिली रक्त वाया जाऊ शकतं. शौचाचा रंग काळा आहे का, बायकांना मासिक पाळीचा स्राव जास्त आहे का, हेही विचारा.

सावकाश झिरपणाऱ्या पेशंटची खूण वेगळी. एरिथ्रोपोएटिनचा डोस वाढवत नेला, शिरेतून लोह दिलं, तरी हिमोग्लोबिन महिनोन्‌महिने हलत नाही, आणि छातीत अधूनमधून 'न्यूमोनिया' होऊन जातो. अशा पेशंटचे जुने एक्स-रे ओळीने लावून पाहा.

पायरी ४: पाणी काढून पाहा

छातीत पाणी आहे की नाही हे ठरवण्याची सर्वात खात्रीची पद्धत म्हणजे ते काढणं.

लागोपाठ दोन दिवस डायलिसिस ठेवा, हिपॅरिनशिवाय. पाणी काढण्याची मर्यादा साधारण दर किलोला ताशी १३ मिलीची. ५५ किलोच्या पेशंटला ताशी सुमारे ७१५ मिली, चार तासांत २.८ लिटरच्या आसपास. हिपॅरिन नसल्याने सर्किट गोठू नये म्हणून दर १५ ते ३० मिनिटांनी १०० ते २०० मिली नॉर्मल सलाईनचा फ्लश द्यावा लागतो. नवखे इथे चुकतात: हा फ्लश यूएफच्या (मशीनने काढायच्या पाण्याच्या) आकड्यात मिळवायचा राहून जातो. दर अर्ध्या तासाला १०० मिली म्हटलं तरी चार तासांत सुमारे ८०० मिली पाणी आपणच आत घातलेलं असतं. मशीन २.८ लिटर काढल्याचं दाखवतं, पेशंटमधून निव्वळ दोनच निघालेलं असतं, आणि मग 'पाणी काढूनही सावली गेली नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो. यूएफ मर्यादेला टेकत असेल तर वेळ वाढवा, वेग वाढवू नका. बीपी सोसत असेल तर रक्ताचा प्रवाह मिनिटाला ३०० मिलीच्या आसपास ठेवा, मंद प्रवाहात सर्किट लवकर गोठतं.

'हिपॅरिनशिवाय' म्हणजे खरोखर हिपॅरिनशिवाय. प्राइमिंगच्या सलाईनमध्येही ते नको. कॅथेटर असेल तर सुरुवातीला प्रत्येक लुमेनमधून (नळीच्या वाटेतून) ५ मिली काढून टाका, कारण आत मागच्या पाळीचं घट्ट हिपॅरिन असतं. शेवटी लॉक करताना लुमेनवर छापलेलं आकारमानच भरा. मिलीला ५००० युनिटचं हिपॅरिन जास्त भरलं तर उरलेलं थेट पेशंटच्या रक्तात जातं. ४ टक्के सायट्रेट मिळत असेल तर तेच बरं.

दुसऱ्या पाळीनंतर चोवीस तासांच्या आत त्याच एक्स-रे मशीनवर, शक्य असेल तर बसवूनच, एक्स-रे पुन्हा काढा. पाण्याच्या सावल्या एक-दोन दिवसांत ठळकपणे विरतात. त्या तशाच राहिल्या, किंवा वजन उतरूनही सॅच्युरेशन सुधारलं नाही, तर पायरी ६ पासून पुढे जा; पायरी ५ चे नमुने पाणी काढतानाच गेलेले असायला हवेत.

ड्राय वेटवर (जादा पाणी काढल्यावरच्या वजनावर) आंधळा विश्वास ठेवू नका. महिनाभर ताप, भूक नाही, अन्नावर वासना नाही अशा पेशंटचं मांस झडलेलं असतं. फाईलवर ड्राय वेट ५२ किलो, आज वजनही ५२, म्हणून 'ओव्हरलोड नाही' असं कुणी म्हणेल. पण मांस दोन-तीन किलोंनी कमी झालं असेल तर तितकं पाणी त्याच्या जागी बसलेलं असतं. दाहाचा आजारही वजन असंच खातो, त्यामुळे एकाच पेशंटमध्ये पाणीही आणि रक्तही, असं पुष्कळदा निघतं.

काही गोष्टी पाण्याच्या बाजूने बोलतात: हृदयाची सावली मोठी, दोन्हीकडे छातीच्या पडद्यात पाणी, चढलेलं बीपी, आडवं पडल्यावर वाढणारा दम. बीएनपीच्या (हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या चाचणीच्या) रिपोर्टवर पैसे घालवू नका, डायलिसिसच्या पेशंटमध्ये तो एरवीही वरच असतो. छातीच्या सोनोग्राफीतल्या बी-लाइन (उभ्या पांढऱ्या रेघा) पाण्यातही दिसतात आणि रक्तातही. फेसाळ गुलाबी बेडका पाण्याचाही असतो.

सॅच्युरेशन कोसळत असेल, बेडक्यात भराभर रक्त येत असेल तर ही दोन दिवसांची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन लावा, रक्त जुळवायला पाठवा आणि मोठ्या केंद्राला फोन करा.

पायरी ५: इन्फेक्शनचे नमुने, अँटिबायोटिकच्या आधी

मराठवाड्यात हा भाग अँकापेक्षा मोठा आहे. क्रम असा ठेवा.

ब्लड कल्चरचे दोन संच, कॅथेटर असेल तर एक कॅथेटरमधून आणि एक हाताच्या शिरेतून, एकाच वेळी. मशीनवर घेतल्यावर थंडी वाजून ताप येतो असा इतिहास असेल तर कॅथेटरच गुन्हेगार समजून चाला. कॅथेटरवरून सुटलेले जंतूंचे गोळे फुफ्फुसात अडकतात आणि कडेकडेला गोल गाठी होतात, काहींत पोकळी पडते. जीपीएच्या गाठींनाही पोकळी पडते. सीटीवर दोघांत गल्लत सहज होते.

बेडक्याचे सीबीनॅट आणि एएफबी, म्हणजे क्षयाची तपासणी. ही तपासणी राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात मोफत होते. सकाळचा, खोलवरून काढलेला बेडका द्या. नमुना म्हणजे नुसतं रक्त असेल तर दुसरा घ्या, रक्तामुळे चाचणी बिघडू शकते. मँटू (क्षयाची त्वचेवरची चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असं समजू नका, डायलिसिसच्या पेशंटची प्रतिकारशक्ती त्वचेवर प्रतिसाद देण्याइतकी उरलेली नसते.

टूडी इको. झडपेवर जंतूंचा थर, मायट्रल झडप आकुंचित, पंपिंग कमी: तिन्ही गोष्टी पाहायला सांगा. संधिवाती तापाने खराब झालेली मायट्रल झडप आपल्याकडे अजून भेटते आणि तीही थुंकीतून रक्त पाडते.

एंडोकार्डायटिसबद्दल जरा थांबून. झडपेच्या जंतुसंसर्गात अँका पॉझिटिव्ह येऊ शकतो, पायांवर पुरपुरा येतो, किडनी बिघडते, ताप असतो. कागदावर हा पेशंट जीपीएच वाटतो. त्याला सलाईनमधून स्टेरॉइड दिलं तर जंतूंना रान मोकळं मिळतं. फरक करायला कल्चर, इको आणि सी३-सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं) मदत करतात: अँका व्हॅस्क्युलायटिसमध्ये सी३ बहुधा नेहमीच्या पातळीत असतं, एंडोकार्डायटिस आणि ल्युपसमध्ये ते बहुधा उतरलेलं सापडतं. क्षयातही अँका पॉझिटिव्ह येतो. म्हणून अँकाचा कागद हातात आला तरी कल्चरचा निकाल विचारल्याशिवाय कुणीही घाई करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

पावसाळ्यात डायलिसिस नुकतीच सुरू झालेला, शेतात-चिखलात काम करणारा पेशंट असेल तर लेप्टोस्पायरोसिस विसरू नका: कावीळ, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे, कमी प्लेटलेट, आणि फुफ्फुसातून रक्त. डेंग्यूही तपासा. घोणस चावल्याने किडनी गेलेल्याचा इतिहास बहुधा घरचेच सांगतात.

हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट याच वेळी काढा. युनिटमध्ये ते ठराविक काळाने होतातच, पण पुढे रिटुक्सिमॅबचा (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा) विचार झाला तर हेपॅटायटिस बी पुन्हा उसळण्याचा धोका असतो, तेव्हा जुना कागद चालत नाही. बीचा कोअर अँटिबॉडीही सांगा.

पायरी ६: रक्ताचे खास नमुने

मशीनवर घेताना, हिपॅरिन जाण्याच्या आधी, फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी हातावर जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) सुईतून साध्या लाल झाकणाच्या दोन ट्यूब प्रत्येकी ५ मिली भरा. अँका, अँटी-जीबीएम, एएनए, सी३, सी४ त्यात भागतं. सोबत सीबीसी आणि स्मिअर, आणि रक्त गोठण्याच्या पीटी-आयएनआर, एपीटीटी या चाचण्या. स्मिअरवर तुटक्या लाल पेशी आणि कमी प्लेटलेट दिसल्या तर प्रकरण वेगळ्याच वळणाला जातं, लगेच किडनीतज्ज्ञांना कळवा.

नुसत्या डायलिसिसने ही प्रतिपिंडं निघून जात नाहीत, पण प्लाझ्मा एक्स्चेंजने (रक्तद्रव काढून बदलण्याने) जातात. म्हणून नमुना एक्स्चेंजच्या आधीच गेला पाहिजे. मोठ्या केंद्राकडे पेशंट पाठवताना एक सीरम ट्यूब सोबत दिली तर तिथल्यांचं काम वाचतं.

फॉर्मवर नुसतं 'अँका' लिहू नका. 'पीआर३ आणि एमपीओ, आकड्यासह' असं लिहा. फक्त सी-अँका, पी-अँकाची चमक पाहणारी जुनी पद्धत एएनए पॉझिटिव्ह असलेल्या पेशंटमध्ये फसवते. आंतरराष्ट्रीय सहमतीही २०१७ पासून पीआर३-एमपीओची थेट तपासणी आधी करावी अशीच आहे. छोट्या शहरातून नमुना मुंबई-पुण्याच्या लॅबला जातो आणि रिपोर्टला काही दिवस लागतात, हे गृहीत धरूनच उरलेला पुरावा गोळा करत राहा. पुढच्या वेळीही तीच लॅब ठेवा, वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

अँटी-जीबीएम न चुकता पाठवा. अशा पेशंटपैकी साधारण तिघांत एकाला अँकाही पॉझिटिव्ह असतो. आणि अँका आला म्हणून थांबलो तर आणीबाणीचा आजार हुकतो.

आकडा कसा वाचायचा? कमी पातळीचा पॉझिटिव्ह आणि बाकी काही जुळत नाही, तर त्याला महत्त्व देऊ नका. बराच वर, नाकात खपल्या, हिमोग्लोबिन पडलेलं, पाणी काढूनही टिकलेल्या सावल्या, कल्चर साफ: मग शंका फारशी उरत नाही. निगेटिव्ह अँकाने आजार बाद होत नाही, काही पेशंट निगेटिव्हच असतात. एसीआर-युलार या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांचे २०२२ चे निकष ऑनलाइन सापडतील, पण ते संशोधनासाठी वर्गवारी करायला आहेत, खाटेजवळ निदान करायला नाहीत.

पायरी ७: एचआरसीटी

फुफ्फुसाच्या या बारकाव्याच्या सीटी स्कॅनसाठी काँट्रास्ट (शिरेतून देण्याचं रंगद्रव्य) लागत नाही. सीटी पाणी काढल्यानंतर करा, नाहीतर रिपोर्टमध्ये 'पल्मोनरी इडिमा, इतर शक्यता नाकारता येत नाहीत' एवढंच येतं आणि पैसे वाया जातात. रक्त भरलेलं फुफ्फुस दुधी काचेसारखं दिसतं, दोन्हीकडे, बहुधा मध्यभागी जास्त आणि अगदी कडेला कमी. गाठी आणि पोकळ्या दिसल्या तर जीपीए, क्षय, जंतूंचे गोळे, बुरशी असे चार दावेदार. तळाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखं तंतूमय फुफ्फुस आणि एमपीओ पॉझिटिव्ह, ही जोडी एमपीएमध्ये भेटते.

फुफ्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी पाहायची असेल तरच काँट्रास्ट. लघवी पूर्ण बंद असलेल्या पेशंटला त्याने किडनीचं नव्याने नुकसान होत नाही, आणि केवळ काँट्रास्ट दिला म्हणून तातडीची डायलिसिसही लागत नाही. थोडी लघवी उरली असेल तर तज्ज्ञांना विचारा.

पायरी ८: ब्रॉन्कोस्कोपी

श्वासनळीत दुर्बीण घालून केलेल्या या तपासणीत निकाल लागतो. हे काम छातीविकारतज्ज्ञांचं, पण तयारी तुमची. आदल्या दिवशी हिपॅरिनशिवाय डायलिसिस. चुकून हिपॅरिन गेलंच असेल तर किमान सहा तासांचं अंतर. सॅच्युरेशन ऑक्सिजनवरही नीट टिकत नसेल तर सलाईनच्या धुलाईने ते आणखी पडतं, अशा वेळी नळी घालून व्हेंटिलेटरवरच करावं लागतं.

फुफ्फुसाच्या एकाच भागात सलाईनचे लागोपाठ तीन किंवा जास्त भाग सोडून परत ओढतात. श्वासनळीत साचलेलं किंवा वरून उतरलेलं रक्त असेल तर पाणी हळूहळू साफ होतं. वायुकोशांतून येत असेल तर प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा जास्त लाल येतो. म्हणून डब्यांवर १, २, ३ असे क्रमांक घालायला विसरू नका, क्रम हरवला की अर्थ हरवला. नमुना जंतू, क्षयाचं सीबीनॅट, बुरशी, न्यूमोसिस्टिस (फुफ्फुसाचा एक बुरशीजन्य संसर्ग) आणि पेशीतपासणीसाठी जातो. पेशीतपासणीत लोहाचा निळा रंग द्यायला सांगा. २० टक्के किंवा जास्त मॅक्रोफेजमध्ये लोह दिसलं तर रक्तस्राव पक्का. पण हे लोह दिसायला दोन-तीन दिवस लागतात. काल सुरू झालेल्या रक्तस्रावात ते निगेटिव्ह येतं.

रक्तस्राव सिद्ध झाला म्हणजे दाह सिद्ध झाला, असं मात्र नाही. हिपॅरिन जास्त झालं, आयएनआर वर गेलं, मायट्रल झडप आकुंचित आहे, तरी वायुकोशांत रक्त उतरतं. दाहाचं नाव अँका, अँटी-जीबीएम, त्वचा-नाकाच्या खुणा आणि जमलं तर बायोप्सी मिळून ठरतं. बायोप्सीसाठी नाक किंवा त्वचेची जागा सोपी आणि कमी धोक्याची. आक्रसलेल्या किडनीची बायोप्सी धोका वाढवते, उत्तर देत नाही. ब्रॉन्कोस्कोपीतून घेतलेला फुफ्फुसाचा तुकडा फार लहान असतो आणि युरेमियात रक्त थांबत नाही. घ्यायचाच ठरला तर तज्ज्ञ डेस्मोप्रेसिन दर किलोला ०.३ मायक्रोग्रॅम असं आधी देतात.

केव्हा आणि कसं पाठवायचं

सॅच्युरेशन ऑक्सिजनवरही ९० च्या वर राहत नाही, हिमोग्लोबिन दोन दिवसांत दोन ग्रॅमने पडलं, किंवा नव्या डायलिसिसच्या पेशंटमध्ये थुंकीत रक्त आहे: या तिन्हींत रिपोर्टची वाट न पाहता पाठवा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं हे जवळचे पर्याय. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: खाट आहे का, ब्रॉन्कोस्कोपी होते का, प्लाझ्मा एक्स्चेंज होतं का. १०८ बोलावताना ऑक्सिजन लागणार हे आधीच सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं आणि रेशनकार्ड नातेवाइकांच्या हाती द्या, तिथल्या आरोग्यमित्रांना ती लगेच लागतात.

चिठ्ठीत हे हवं: शेवटच्या तीन पाळ्यांचं आधीचं आणि नंतरचं वजन, निव्वळ किती पाणी काढलं, पाणी काढण्याआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, हिमोग्लोबिनचे आकडे तारीख-वेळेसह, शेवटचं हिपॅरिन केव्हा आणि किती, कल्चर कधी घेतले, कोणता नमुना कोणत्या लॅबला गेला, कोणती अँटिबायोटिक सुरू केली. पेशंटला हेपॅटायटिस असेल तर तेही, नाहीतर पलीकडे वेगळ्या मशीनसाठी तासन्‌तास जातात.

पेशंट हातातून निसटत असेल आणि संशय दाट असेल तर तज्ज्ञ अँकाच्या रिपोर्टआधीच मिथिलप्रेडनिसोलोन सुरू करायला सांगतात, बहुधा रोज ५०० मिग्रॅ ते १ ग्रॅम, एक ते तीन दिवस. फोनवर असा आदेश मिळाला तर आधी कल्चर आणि सीरम काढून ठेवा, सोबत अँटिबायोटिक द्यायचं का ते विचारून घ्या. स्टेरॉइडनंतर साखर आणि पोटॅशियम दोन्ही चढतात, पुढची डायलिसिस लांबवू नका. प्लाझ्मा एक्स्चेंजचा आग्रह पूर्वीइतका सरसकट राहिलेला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ७०४ पेशंटच्या पेक्सिव्हास चाचणीत त्याने मृत्यू किंवा किडनी निकामी होणं कमी झालं नाही. तरी अँटी-जीबीएममध्ये ते लागतंच, आणि फुफ्फुसातून रक्त जाऊन ऑक्सिजन पडलेल्या अँका पेशंटमध्ये त्याचा विचार होतो.

पेशंट उपचार घेऊन तुमच्या युनिटला परत आला की फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने तीन नोंदी करा: आजाराचं नाव आणि प्रतिपिंड, हिपॅरिन पुन्हा केव्हापासून आणि किती चालेल, आणि न्यूमोसिस्टिससाठी दिलेल्या कोट्रायमोक्साझोलचा डायलिसिसनुसार ठरवलेला डोस. ड्राय वेट पहिल्या महिन्यात दर आठवड्याला नव्याने तपासा. स्टेरॉइडने भूक परत येते आणि मांस भरतं, जुनाच आकडा धरून ओढत राहिलात तर पेशंटला मशीनवर गोळे येतील, बीपी पडेल. पुन्हा ताप-खोकला आला तर पहिल्यांदा कॅथेटर आणि क्षय तपासा, अँका नंतर.